ठासणीची बंदूक आणि परकं हरीण

केंब्रिज (मेरीलँड), ऑक्टोबर

चेसापीक उपसागराच्या पूर्वेची डॉर्चेस्टर काउंटी म्हणजे अर्धी जमीन, अर्धा चिखल. पाइनच्या झाडांचे पट्टे, मधे डोक्याच्याही वर जाणारं गवत, आणि भरतीला थेट शेतापर्यंत शिरणारं खारं पाणी. सध्या पहाटे या दलदलीतून कर्कश शिट्टीसारखी आरोळी उठते. सिका हरणाचे नर माजावर आलेत.

सिका मूळचं पूर्व आशियातलं. १९१६ साली क्लेमेंट हेन्री नावाच्या गृहस्थांनी चार-पाच जनावरं जवळच्या जेम्स बेटावर सोडली. ती पोहून किनाऱ्याला लागली. बेट लाटांनी खाऊन टाकलं, हरणं काउंटीभर पसरली. चणीने बुटकी, अंगावर चितळासारखे ठिपके. गंमत अशी, की १९४०च्या दशकात फरसाठी आणलेला न्यूट्रिया हा घुशीसारखा प्राणीही इथे उपराच. तो गवताची मुळंच खातो म्हणून वीस वर्षं मोहीम चालवून २०२२ मध्ये त्याचा नायनाट झाल्याचं जाहीर झालं. सिकाला मात्र लोक ‘आपलं’ म्हणतात. शिकारीचा छंद नसता तर ही माया कितपत राहिली असती, शंकाच आहे.

सध्याचा हंगाम ठासणीच्या बंदुकीचा. कोकणात शेतराखणीसाठी परवाना मिळतो, त्याच जातीची ही. फक्त इथल्या बंदुकांना बऱ्याचदा दुर्बीण असते. नळीच्या तोंडातून आधी दारू, मग गोळी, ती गजाने ठासायची, मागे टोपी बसवायची. बार एकच! चुकला तर धूर विरून पुन्हा ठासेपर्यंत हरीण गवतात गडप. म्हणूनच काडतुसांच्या बंदुकांच्या आधी या बंदुकीला वेगळे दिवस राखून ठेवलेत. परवाना हवा, अंगावर भडक रंगाचं काही हवं, आणि मारलेल्या जनावराची सरकारदरबारी नोंद हवी.

एवढं करून मटण विकता येत नाही. रानातल्या शिकारीचं मांस विकायला कायद्याने बंदी आहे. हॉटेलात मिळतं ते पाळीव हरणाचं, बऱ्याचदा न्यूझीलंडहून आलेलं. त्यामुळे शिकाऱ्याचा फ्रीझर भरला की वाटे शेजारीपाजारी जातात. ‘फार्मर्स अँड हंटर्स फीडिंग द हंग्री’ ही १९९७ साली याच राज्यात सुरू झालेली संस्था दान आलेली हरणं खाटकाकडून साफ करून गरिबांच्या अन्नछत्रांना पोचवते. बाजारावर चालणाऱ्या या देशात एक जिन्नस असा फुकट फिरतो, याचं मला अजून नवल वाटतं.

ऑक्टोबरात इथे चांगलंच उकडतं, डासही भरपूर. म्हणून पोट जागीच साफ करून मांस लगेच थंड करतात. हरणाची चरबी थिजली की टाळ्याला मेणासारखी चिकटते, ती सगळी छाटायची. पाठीचा लुसलुशीत पट्टा बिडाच्या तव्यावर लोण्यात दोन्हीकडून झटपट शेकायचा, आत गुलाबी ठेवायचा. चरबी नसल्याने जास्त शिजला की चामडं होतं. खांद्याचं उलट, त्याला तासन्‌तास मंद आच लागते. शेजाऱ्यांनी दिलेला खांदा मी कांदा-खोबऱ्याच्या वाटणात शिजवला. त्यांनी दोनदा मागून घेतला, फक्त प्रत्येक घासाला पाणी पीत.