रंग शिकवायला तक्ता नको, रात्रीचं ताट पुरे

मैत्रिणींनो, गटांच्या बैठकांना फिरताना एक प्रश्न बऱ्याच ताई विचारतात : "पोरगं अंगणवाडीत जातंय, पण रंग काही येईनात. बाजारातून रंगांचा तक्ता आणू का?" तक्ता आणायला हरकत नाही. पण त्याआधी घरातलं रात्रीचं जेवण नीट बघा. मेथी हिरवी, पिठलं पिवळं, टोमॅटो लाल, भात पांढरा. मुलाला हात लावता येतो, वास घेता येतो आणि खाताही येतं. असा तक्ता कुठल्या दुकानात मिळणार?

मुलाला रंग अवघड का जातात?

'वाटी' हा शब्द मूल पटकन शिकतं, कारण वाटी हातात धरता येते. 'लाल' हातात धरता येत नाही. टोमॅटो लाल, कुंकू लाल, आपली एसटीही लाल. या तिन्हीत सारखं काय आहे, हे कळायला मुलाला आकार, वास, चव सगळं बाजूला ठेवून फक्त रंगाकडे बघावं लागतं. त्या वयाला हे मोठं काम आहे.

त्यात आपली मराठी! पिवळा आंबा, पिवळी डाळ, पिवळं वरण. एकच रंग, पण शब्द तीन. 'लाल' मात्र बदलत नाही. म्हणून तीन वर्षांचं मूल हिरव्याला पिवळं म्हणालं, तर त्याला 'ढ' म्हणू नका. चार वर्षांच्या आसपास बहुतेक मुलांचे ठळक रंग जमून जातात. रंगांच्या छटा त्यानंतर येतात.

तीन पायऱ्या

लहान मुलांना असं पायरीपायरीने शिकवण्याची पद्धत इटलीच्या मारिया माँटेसरी यांनी वापरली. आपल्याकडे बालशिक्षणाचं काम ताराबाई मोडक यांनी उभं केलं. 1926 साली गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी नूतन बाल शिक्षण संघ सुरू केला. पुढे 1945 पासून त्यांनी बोर्डीला आणि नंतर कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम केलं. सोबत अनुताई वाघ होत्या. महागडी साधनं गावात परवडणार नाहीत, हे ओळखून त्यांनी पानं, फुलं, बिया अशा आसपासच्या वस्तू वापरल्या. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. 2 ऑक्टोबर 1975 ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. आज गावोगावी तिच्या केंद्रांना आपण 'अंगणवाडी' म्हणतो.

या पायऱ्या घरी अशा करा :

1. जोडी लावणे. दोन टोमॅटो, दोन लिंबं ठेवा. "याच्यासारखं दुसरं कुठलं?" अजून रंगाचं नाव विचारायचं नाही.
2. ओळखणे. "टोमॅटो लाल आहे. लिंबू पिवळं आहे. आता लाल कुठलं, दाखव बरं." बोट दाखवलं तरी पुरे.
3. नाव सांगणे. हे सगळ्यात शेवटी. "हा कुठला रंग?"

आपण बहुतेकजणी एकदम तिसरी पायरी विचारतो. मग मूल घाबरून काहीतरी ठोकून देतं. चुकलं तर "नाही, येड्या" म्हणू नका. "हे बघ, हे पिवळं" म्हणा आणि एक पायरी मागे या.

एका ताईंच्या घरचा आठवडा

आमच्या भागातल्या एक अंगणवाडी सेविका गटाच्या सदस्यही आहेत. दिवसभर अंगणवाडी, घरी आल्यावर गुरं, पाणी, स्वयंपाक. वेगळा अभ्यास घ्यायला त्यांना वेळच नसतो. म्हणून साडेतीन वर्षांच्या लेकीसाठी त्यांनी एक नियम केला : आठवड्याला दोनच रंग, तेही जेवण करता करता. हिरव्या-पिवळ्याच्या आठवड्यात त्यांच्या घरी असं चाललं :

सोमवारी मेथीची भाजी, ज्वारीची भाकरी. मेथी निवडताना हिरवी पानं एका ताटात, पिवळी पडलेली दुसऱ्या ताटात. ही झाली पहिली पायरी.

मंगळवारी पिठलं-भाकरी. "पिठलं पिवळं आहे. अजून पिवळं काय आहे?" लेक हळदीचा डबा दाखवते.

बुधवारी हुलग्याचे शेंगोळे. हे ना हिरवे, ना पिवळे! मग वरून कोथिंबीर आणि बाजूला लिंबाची फोड. आपले दोन रंग शोधायचे.

गुरुवारी वरण-भात आणि पालक. सासूबाई विचारतात, नात दाखवते.

शुक्रवारी खिचडी. आज लेकीने नाव सांगायचं. आलं तर छान, नाही आलं तर पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच दोन.

यात एकही पदार्थ जास्तीचा केला नाही, एक रुपयाही वेगळा गेला नाही. फक्त जेवताना टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवला.

एक काळजी मात्र घ्या. वाल, हरभरे, शेंगदाणे असे दाणे लहान मुलाच्या हाती एकट्याने देऊ नका. नाकात, कानात जातात, घशात अडकतात. तीन वर्षांच्या आतल्या मुलासमोर तर ठेवूच नका. आणि मूल पाच वर्षांचं होऊनही लाल-हिरव्यात सारखं गोंधळत असेल, तर रागावू नका. काहींना जन्मतःच हे दोन रंग वेगळे दिसत नाहीत. मुलींपेक्षा मुलग्यांत हे जास्त आढळतं. अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या डॉक्टरांना सांगा.

रंग मोजा, म्हणजे पोषणही मोजलं जाईल

प्रशिक्षणात आपण 'तिरंगा थाळी' शिकलो. केशरी म्हणजे गाजर, भोपळा, पपई. पांढरा म्हणजे दूध, दही, भात. हिरवा म्हणजे पालेभाज्या, शेवगा. वेगवेगळ्या रंगांच्या भाज्या-फळांतून वेगवेगळी जीवनसत्त्वं मिळतात. पण फसू नका : पुडीतल्या कुरकुऱ्यांचा केशरी रंग यात धरायचा नाही. नुसत्या हळदीने भाजी पिवळी झाली, तोही नाही. आणि रंग कुठलाही असो, ताटात डाळ, कडधान्य किंवा अंडं हवंच.

आपल्या जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल, घेवडा, भात आणि भाज्यांचं गावरान बी जपलं. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्याइतकं मोठं काम सगळ्यांना जमेल असं नाही, पण दारात चार वाफ्यांची परसबाग आपल्यालाही जमते. सांडपाण्यावर पालक, मेथी, टोमॅटो, एखादा शेवगा येतो. मुलाला भाजी तोडायला न्या. टोमॅटो हिरव्याचा लाल कसा होतो, हे त्याला रोज बघू द्या.

आणि तुमचं ताट?

आता जरा अवघड प्रश्न. लेकराच्या ताटात तीन रंग वाढले. मालकांच्या ताटात चार. सगळ्यांचं झाल्यावर तुम्ही बसता, तेव्हा तुमच्या ताटात किती उरतात? बऱ्याच घरांत उरते भाकरी, चटणी आणि पातेल्याच्या तळाशी राहिलेली आमटी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के महिलांमध्ये रक्त कमी आढळलं. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये हे प्रमाण 68.9 टक्के होतं. गटाच्या बैठकीत दहाजणी बसल्या, तर त्यात पाचजणी तरी अशा निघतील.

म्हणून भाजी वाढताना आधी स्वतःची वाटी बाजूला काढा. जमेल तेव्हा सगळे एकत्र बसा. पालेभाजी-कडधान्यावर लिंबू पिळा, त्यातलं लोह अंगी लागतं. जेवल्यावर लगेच चहा नको, तो लोह अडवतो. मुलालाच विचारा, "आईच्या ताटात कुठले रंग आहेत?" मूल जे दिसतं तेच सांगेल. घरातली बाकीची माणसंही ते ऐकतील.

पुढच्या बैठकीसाठी

रंगांची नावं आपल्याला कमी येतात, असं कुणी म्हणू नका. साडीच्या दुकानात आपण डाळिंबी, मोरपंखी, अंजिरी, आबोली, राणी असे रंग एका दमात सांगतो. नवरात्रात नऊ दिवसांचे नऊ रंग तोंडपाठ असतात. शाळा कमी झालेली आजीसुद्धा नातवाला हे शिकवू शकते.

तर काम एवढंच : एक आठवडा रोज रात्री आपल्या आणि मुलाच्या ताटातले रंग मोजायचे आणि वहीत आकडा लिहायचा. पुढच्या बैठकीत बचतीच्या हिशोबानंतर दहा मिनिटं ठेवू आणि प्रत्येकीने आपला आकडा वाचायचा. दशसूत्रीतली आरोग्य आणि शिक्षण ही दोन्ही सूत्रं यात आली. कुणाचा आकडा कमी निघाला, तर लाजायचं नाही. तिच्या दारात परसबाग करायला बी कुणी द्यायचं, हे त्याच बैठकीत ठरवू.