धातूच्या पोटातले ताण

धुळे-जळगावकडच्या खेड्यांत आता रबरी टायरच्या बैलगाड्या आल्या आहेत. तरीही लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवणारा लोहार पाहिलेली माणसे अजून पुष्कळ आहेत. धाव मुद्दामच चाकापेक्षा किंचित लहान करतात. गोवऱ्यांच्या जाळात तापली की ती प्रसरण पावते. चार मीटर परिघाची धाव ५०० अंश सेल्सिअसने तापवली, तर तिचा परीघ सुमारे अडीच सेंटिमीटरने वाढतो. मग ती उचलून चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचे. धाव आकसते आणि आरे-पुठ्ठे आपापल्या सांध्यांत घट्ट बसतात.

हे चाक भिंतीला टेकवून ठेवले, गाडीला जोडलेच नाही, तरी त्यातले लोखंड ताणलेले असते आणि लाकूड दाबलेले असते. ताण आणि दाब एकमेकांना तोलून धरतात, म्हणून बाहेरून काहीच दिसत नाही. बाहेरचा भार नसतानाही पदार्थात शिल्लक राहणाऱ्या या ताणांना ‘अवशिष्ट ताण’ म्हणतात. वर्गात ते सहज दाखवता येतात. सूर्यफुलाच्या कोवळ्या रोपाचे ताजे खोड उभे चिरावे. दोन्ही फाका बाहेरच्या बाजूला वाकतात. बाहेरची साल ताणलेली होती आणि आतला गर दाबलेला होता. चिरल्यामुळे तोल सुटला.

चाकातला ताण उपयोगाचा आहे; पण प्रत्येक ठिकाणी तसे नसते. जळगाव जिल्ह्यात वरणगावच्या आयुधनिर्माणीत बंदुकीची काडतुसे तयार होतात. काडतुसाचे पितळी कवच म्हणजे सुमारे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त. पितळाची चकती थंड स्थितीतच साच्यातून ओढून त्याची नळी करतात. या ओढाताणीचे ताण धातूत शिल्लक राहतात. एकोणिसाव्या शतकात भारतातील ब्रिटिश फौजेची काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांत ठेवली जात. पावसाळा संपल्यावर पाहावे, तो अनेक काडतुसांना तडे गेलेले! त्यांना कोणी हातही लावला नव्हता. याचा उलगडा मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी १९२१ मध्ये केला. घोड्यांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया आणि पितळातले अवशिष्ट ताण यांनी मिळून हे काम केले होते. यातला एक जरी नसता, तरी तडे गेले नसते. अमोनिया सर्वत्र टाळता येत नाही. पण पितळ सुमारे २५० ते ३०० अंशांपर्यंत तापवून ताण उतरवता येतो. उपाय त्यातूनच निघाला.

आता स्टेनलेस स्टीलकडे वळू. घरातल्या भांड्यांना लोहचुंबक लावून पाहावा. काहींना तो चांगला चिकटतो, काहींना जवळजवळ नाहीच. चिकटणाऱ्यांत बहुधा ‘फेराइट’ नावाची स्फटिकरचना असते, न चिकटणाऱ्यांत ‘ऑस्टेनाइट’. स्वीडनमध्ये १९३० च्या सुमारास या दोन्हींचे कण जवळजवळ निम्मे-निम्मे असलेले पोलाद बनवण्यात आले. त्याला ‘ड्युप्लेक्स’, म्हणजे दुहेरी, स्टेनलेस स्टील म्हणतात. त्याच्या एका प्रचलित प्रकारात २२ टक्के क्रोमियम, ५ टक्के निकेल आणि ३ टक्के मॉलिब्डेनम असते. कायमचे वाकवायला त्याला भांड्यांच्या नेहमीच्या निकेलयुक्त स्टीलच्या सुमारे दुप्पट बल लागते. खाऱ्या पाण्यातही ते त्याच्यापेक्षा चांगले टिकते. म्हणून कागद, रसायने आणि खनिज तेल यांच्या कारखान्यांत त्याला मागणी असते.

पण या पोलादाच्या प्रत्येक कणाशेजारी एक छोटी धाव चढवलेली असते! ५०० अंशांनी थंड होताना एक मीटर लांबीचे फेराइट सुमारे ६ मिलिमीटर आकसते, तर ऑस्टेनाइट सुमारे ९ मिलिमीटर. शेजारी फेराइट असल्यामुळे ऑस्टेनाइटला हवे तेवढे आकसता येत नाही. ते ताणलेले राहते आणि फेराइट दाबलेले. असे पोलाद ओढले, तर आधीच ताणलेले ऑस्टेनाइट साधारणपणे आधी हार मानते आणि पुढचा भार फेराइटवर सरकतो. भार काढला की ताणांची नवी वाटणी होते. हे ताण क्ष-किरणांनी मोजतात. ताण पडला की अणूंच्या थरांमधले अंतर किंचित बदलते. दोन्हींची स्फटिकरचना वेगळी असल्यामुळे प्रत्येकातला ताण स्वतंत्रपणे कळतो.

मग पितळासारखेच यालाही थोडे तापवून ताण का उतरवू नयेत? खरी अडचण इथेच आहे. सुमारे ४७५ अंशांजवळ बराच वेळ राहिले, तर फेराइट ठिसूळ होते. ७०० ते ९५० अंशांच्या दरम्यान ‘सिग्मा’ नावाची ठिसूळ रचना तयार होते. म्हणून हे पोलाद हजार अंशांच्या वर नेऊन पाण्यात झटकन थंड करावे लागते. आणि या झटक्यानेही पुन्हा ताण येतातच. टाकीचा सांधा जोडणारा वेल्डर उष्णता बेताने देतो, ती याचसाठी. इथे हात चुकला, तर सांधा बाहेरून चकचकीत दिसेल, पण आतून दगा देईल.

गावात धाव चढवणारा लोहार असेल, तर विद्यार्थ्यांना एकदा त्याच्याकडे जरूर न्यावे. धाव किती लहान करायची, हे त्यालाच विचारू द्यावे. फार सैल धाव निसटते आणि फार लहान धाव चाक मोडते. पोलादाच्या पोटातल्या ताणांचे गणितही याहून फारसे वेगळे नाही.