नोंदीबाहेरच्या दफनभूमी : येरमाळा परिसराच्या संदर्भात ओळख आणि जतन

प्रस्तावना

गावाच्या इतिहासाची साधने सांगताना मंदिर, गढी, बारव, वीरगळ आणि शिलालेख यांचा उल्लेख हटकून होतो. गावातील सामान्य, विशेषतः गावकुसाबाहेर राहणाऱ्या माणसांच्या दफनभूमीचा उल्लेख मात्र क्वचितच आढळतो. या समाजांनी लेखी इतिहास मागे ठेवला नाही. अनेक ठिकाणी त्यांच्या वास्तव्याचा एकमेव भौतिक पुरावा म्हणजे त्यांची दफनभूमी होय. ती नष्ट झाली की त्या समाजाचा त्या गावाशी असलेला पिढ्यांचा संबंध सिद्ध करणे कठीण होते. अशा दुर्लक्षित दफनभूमींची ओळख कशी पटवावी आणि त्यांचे जतन कोणत्या मार्गाने करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील येरमाळा परिसर समोर ठेवून केला आहे.

येरमाळा हे कळंब तालुक्यातील, बालाघाटाच्या डोंगररांगेतील गाव. येथील येडेश्वरी देवीच्या चैत्र पौर्णिमेच्या यात्रेस मोठा जनसमुदाय लोटतो. सोलापूर–धुळे राष्ट्रीय महामार्ग आणि बार्शी–कळंब रस्ता येथे एकत्र येतात. यात्रा, महामार्ग व बाजार यांमुळे अशा गावात रस्त्यालगतच्या पडीक जमिनीचे मोल वाढते. दफनभूमी बहुधा अशाच जमिनीत, म्हणजे ओढ्याच्या काठी, शिवेवर किंवा गायरानाच्या कडेला असते. त्यामुळे हा प्रश्न या परिसरात केवळ स्मरणाचा राहत नाही. तो जमिनीवरील हक्काचाही होतो. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याच्या १६ लाख ५७ हजार लोकसंख्येत अनुसूचित जातींचे प्रमाण सुमारे १६ टक्के होते, हेही येथे लक्षात घ्यावे लागते.

दफनाची परंपरा आणि विस्मरणाची कारणे

हिंदू समाजात सर्वत्र दहनच होते, हा समज मराठवाड्याला लागू पडत नाही. लिंगायत समाजात देह बसलेल्या स्थितीत पुरण्याची रीत आहे. गोसावी पंथांत समाधी दिली जाते. अनेक जातींत लहान मुलांना पुरतात. जळणाचा खर्च न झेपणाऱ्या दलित व भटक्या कुटुंबांत दफनाचीच रीत दीर्घकाळ राहिली. मुस्लिम समाजाच्या कब्रस्तानांस निदान धर्मादाय स्वरूपाची नोंद व देखरेख मिळाली. दलित वस्तीच्या मसणवट्यास अशी कोणतीही संस्था लाभली नाही.

यातील विसंगती मोठी आहे. बलुतेदारीच्या व्यवस्थेत मृत्यूची वार्ता परगावी पोहोचविणे व सरणाची लाकडे आणणे ही कामे महार समाजाकडे होती. मृताच्या अंगावरील वस्त्र हा त्याचा मोबदला समजला जाई. साऱ्या गावाच्या अंत्यविधीचा भार ज्यांनी वाहिला, त्यांच्या स्वतःच्या मृतांची जागा मात्र वहिवाटीवर अवलंबून राहिली. भटक्या व विमुक्त जमातींची स्थिती याहून बिकट होती. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. तथापि ज्यांना गावच नव्हते त्यांना गावाच्या स्मशानात जागा मिळणे दुरापास्तच राहिले. मुक्कामाच्या वाटेवर, माळरानावर त्यांनी आपले मृत पुरले आणि पाल पुढे हलविले.

दफनभूमी विस्मृतीत जाण्याची कारणे ढोबळमानाने चार सांगता येतात. पहिले कारण म्हणजे वहिवाट असूनही महसुली नोंद नसणे. दुसरे, गायरान व पडीक जमिनीवरील अतिक्रमण आणि लगतच्या शेतीचा बांध सरकत जाणे. तिसरे कारण स्थलांतर व पुनर्वसन. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर यांसह अनेक गावे नव्या जागी वसविण्यात आली. अशा स्थलांतरात घरे नव्या ठिकाणी उभी राहतात, पूर्वजांच्या दफनाच्या जागा मात्र जुन्या शिवारातच राहतात. चौथे कारण विधींतील बदल. दफनाऐवजी दहन होऊ लागले की जुन्या जागेकडील वर्दळ थांबते आणि एका पिढीत ती जागा ‘रिकामी’ ठरते.

अमेरिकेतील अनुभव

या प्रश्नाचा सर्वाधिक पद्धतशीर विचार आफ्रिकी-अमेरिकन दफनभूमींच्या संदर्भात झाला आहे. न्यूयॉर्क शहरात १६९७ मध्ये ट्रिनिटी चर्चने आपल्या आवारात कृष्णवर्णीयांच्या दफनास मनाई केली. शहराच्या तत्कालीन सीमेबाहेरील जागेत हे दफन अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत होत राहिले. १७५५ च्या नकाशात ही दफनभूमी स्पष्ट दाखविलेली होती. तरीही पुढे तिच्यावर भराव पडला, इमारती उभ्या राहिल्या आणि तिचा विसर पडला. १९९१ मध्ये केंद्र शासनाच्या इमारतीसाठी खोदकाम सुरू असताना तेथे मानवी अवशेष सापडले. नागरिकांच्या तीव्र विरोधानंतर काम थांबले. चारशेहून अधिक व्यक्तींच्या अवशेषांचा अभ्यास हॉवर्ड विद्यापीठात झाला, २००३ मध्ये त्यांचे सन्मानपूर्वक पुनर्दफन करण्यात आले आणि २००६ मध्ये त्या जागेस राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला.

फ्लोरिडातील टॅम्पा शहरात १९०१ मध्ये स्थापन झालेली झायन दफनभूमी २०१९ मध्ये पुन्हा उजेडात आली. तेथे शोधाची सुरुवात खोदकामाने झाली नाही. जुन्या मृत्यू नोंदी आणि जमिनीची कागदपत्रे यांच्या तुलनेतून झाली. नंतर भूवेधी रडारने निवासी इमारतींच्या परिसरात शवपेट्यांचे अस्तित्व दाखविले. अशा अनुभवांतून २०२२ च्या अखेरीस अमेरिकेत आफ्रिकी-अमेरिकन दफनभूमींच्या संशोधन व जतनासाठी राष्ट्रीय उद्यान सेवेअंतर्गत स्वतंत्र कार्यक्रमाची कायदेशीर तरतूद झाली.

या उदाहरणांतून दोन बोध होतात. नकाशावर असणे पुरेसे नाही. ती नोंद बांधकामाच्या परवानगीपर्यंत पोहोचली पाहिजे. दुसरे म्हणजे, संबंधित समाज निर्णयप्रक्रियेत आल्यानंतरच न्यूयॉर्कमधील अवशेषांना ‘अडथळा’ ऐवजी ‘पूर्वज’ ही ओळख मिळाली.

ओळख पटविण्याची साधने

अ) महसुली व इतर नोंदी : आरंभ गावनकाशा व सातबारा उताऱ्यापासून करावा. गाव नमुना १-ब मध्ये बिनभोगवट्याच्या सरकारी जमिनींची, तर १-इ मध्ये अतिक्रमणांची नोंद असते. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असल्याने जुने दफ्तर उर्दू व मोडीत आहे. १९५४-५५ चे खासरा पत्रक हा त्यापुढील महत्त्वाचा दुवा होय. गाव नमुना १४ म्हणजे कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूच्या नोंदी. त्यांतून दफनाची जागा कळत नसली, तरी कोणत्या समाजाची माणसे त्या गावात मरण पावली हे कळते. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेल्यानंतर मराठवाड्यातील अशा जुन्या दफ्तरांची मोठ्या प्रमाणावर छाननी झाली. एका प्रयोजनासाठी हाताळलेली ही कागदपत्रे सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकांनाही उपयोगी पडू शकतात.

आ) मौखिक स्मृती : ज्येष्ठ व्यक्ती, खड्डा खोदण्याचे काम केलेली माणसे, माहेरवाशिणी आणि गाव सोडून शहरात गेलेली कुटुंबे यांच्याकडून माहिती घ्यावी. ‘दफनभूमी कोठे आहे?’ या प्रश्नापेक्षा ‘मयत कोणत्या वाटेने नेत?’, ‘खांदेपालट कोठे होई?’, ‘तिसऱ्याचा नैवेद्य कोठे ठेवीत?’ असे प्रश्न अधिक फलदायी ठरतात, कारण स्मृती जागेपेक्षा कृतीला अधिक घट्ट चिकटून असते. निरनिराळ्या व्यक्तींनी स्वतंत्रपणे दाखविलेली जागा एकच असेल, तर त्या माहितीस पुराव्याचे बळ येते.

इ) भूमीवरील खुणा : उशाशी ठेवलेला अनघड दगड, दगडांचे लहान ढीग, ठरावीक अंतरावरील खळगे, भोवतालच्या शेतात नसलेली जुनी झाडे यांची नोंद करावी. खुणांची दिशा व आकार यांवरून समाजाचा अंदाज बांधता येतो. मुस्लिम कबरी उत्तर-दक्षिण असतात. बसलेल्या स्थितीतील दफनाची खूण लांबट न राहता आखूड व चौरसाकार असणे स्वाभाविक आहे. अमेरिकेत ख्रिस्ती परंपरेनुसार पूर्व-पश्चिम मांडणी आणि कबरीवर ठेवलेले शिंपले वा भांड्यांचे तुकडे हा महत्त्वाचा पुरावा मानला जातो. तो निकष येथे जसाच्या तसा लावता येणार नाही.

यंत्रसामग्रीच्या बाबतीतही हीच सावधगिरी हवी. काळ्या कापसाच्या जमिनीतील चिकणमाती विजेची सुवाहक असल्याने भूवेधी रडारच्या लहरी फार खोल जात नाहीत. येथील बेसाल्ट खडक स्वतःच चुंबकीय असल्याने चुंबकीय सर्वेक्षणही संदिग्ध ठरते. शिवाय काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे खळगे बुजतात आणि दगड सरकतात. बालाघाटाच्या माथ्यावरील उथळ, मुरमाड जमिनीत खुणा अधिक काळ टिकण्याची शक्यता असते. म्हणून या भागात नोंदी आणि स्मृती यांचा मेळ हेच मुख्य साधन ठरते आणि यंत्र दुय्यम राहते. जागा निश्चित झाल्यावर मोबाइलवरील स्थाननिश्चितीच्या साहाय्याने तिच्या चतुःसीमा नोंदवाव्यात व दिनांकासह छायाचित्रे घ्यावीत. खोदकाम मात्र कोणत्याही परिस्थितीत करू नये. मृतांच्या जागेत अवमानाच्या हेतूने प्रवेश करणे वा शवाची विटंबना करणे हा भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम ३०१ नुसार गुन्हा आहे.

जतनाचा कायदेशीर मार्ग

प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या केंद्रीय कायद्यातील व्याख्येत दफनस्थळाचा समावेश आहे. परंतु ते किमान शंभर वर्षे जुने व ऐतिहासिक, पुरातत्त्वीय किंवा कलात्मक महत्त्वाचे असावे लागते. व्यवहारात हे संरक्षण वास्तूंना मिळते. खुलताबाद येथे १६२६ मध्ये निधन पावलेल्या मलिक अंबराचा मकबरा उभा आहे. त्याच्या सैन्यातील सामान्य हबशी वा मराठी शिपायाच्या वाट्याला असा मकबरा येणे शक्य नव्हते. अनघड दगडांच्या दफनभूमीस स्मारक कायद्यापेक्षा महसूल कायद्याचाच आधार अधिक उपयुक्त ठरतो.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ नुसार जिल्हाधिकाऱ्यांना सरकारी जमीन दफनभूमी वा स्मशानभूमीसाठी राखून ठेवता येते. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव, तहसीलदारांमार्फत प्रस्ताव, भूमी अभिलेख विभागाकडून मोजणी आणि अखेरीस अधिकार अभिलेखात नोंद असा क्रम राहतो. जागा खासगी गटात असेल, तर वहिवाटीचा पुरावा व धारकाची संमती यांच्या आधारे ‘इतर हक्क’ या रकान्यात नोंद करून घेण्याचा प्रयत्न करावा लागतो. जनसुविधा योजनेतून ग्रामपंचायतीस स्मशानभूमीच्या कामांसाठी अनुदान मिळू शकते. मात्र मोजणीपूर्वी कुंपण घातल्यास चुकीची सीमाच कायम होण्याचा धोका असतो.

जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याबाबत निर्देश दिले. त्यानुसार १२ जुलै २०११ चा शासन निर्णय निघाला. गायरानातील दफनभूमीच्या रक्षणास त्याचा आधार घेता येतो. तथापि त्याच गायरानावर भूमिहीन दलित व पारधी कुटुंबांची घरे व शेतीही असते. अपवादात्मक परिस्थितीत अशा भूमिहीनांचा विचार करण्यास त्या निवाड्यानेच वाव ठेवला आहे. मृतांच्या जागेचे रक्षण जिवंतांना बेघर करण्याचे निमित्त होऊ नये, याची दक्षता अभ्यासकांनी घेणे आवश्यक आहे.

एक मूलभूत आक्षेप

जातवार दफनभूमी जपणे म्हणजे जातिभेद जपणे नव्हे काय, असा आक्षेप या कार्यावर घेतला जाऊ शकतो. हा आक्षेप गांभीर्याने घ्यावा लागतो. नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ ने अस्पृश्यतेच्या कारणावरून स्मशान वा दफनभूमीचा वापर नाकारणे दंडनीय ठरविले. अत्याचार प्रतिबंधक कायद्यातील २०१५ च्या दुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीस दफन वा दहनभूमीचा इतरांच्या बरोबरीने वापर करण्यापासून रोखणे हा गुन्हा म्हणून नोंदविला. डॉ. बाबा आढाव यांच्या ‘एक गाव एक पाणवठा’ या चळवळीचा आशयही सामायिक साधनांवर सर्वांचा समान हक्क हाच होता.

या दोन भूमिकांत विरोध मानण्याचे कारण नाही. यापुढील अंत्यविधीसाठी गावाची एकच, सर्वांना खुली स्मशानभूमी असणे हे समतेचे तत्त्व होय. मागील पिढ्यांच्या दफनभूमीची नोंद होणे हे इतिहासाशी प्रामाणिक राहणे होय. स्वतंत्र दफनभूमी हाच विषमतेचा पुरावा आहे. ती बुजवून टाकल्याने विषमता नाहीशी होत नाही, तिची साक्ष तेवढी पुसली जाते. त्याच वेळी ‘तुमची जागा तिकडे आहे’ असे सांगून सामायिक स्मशान नाकारण्यासाठी अशा नोंदीचा वापर होणार नाही, असा स्पष्ट उल्लेख ग्रामसभेच्या ठरावात असणे इष्ट ठरेल.

समारोप

दुर्लक्षित दफनभूमींचा शोध हे एकट्या विद्याशाखेचे काम नाही. इतिहास विभागाने दफ्तर वाचावे, मराठी विभागाने मौखिक साहित्य संकलित करावे, भूगोल विभागाने नकाशे सिद्ध करावेत आणि समाजशास्त्र विभागाने संबंधित समाजाशी संवाद साधावा. राष्ट्रीय सेवा योजनेच्या ग्रामीण शिबिरात एका गावाची अशी पाहणी सहज हाती घेता येईल. मिळालेली माहिती प्रथम त्या समाजाच्या स्वाधीन करावी. जागेचे नेमके स्थान प्रसिद्ध करावे की नाही, याचा निर्णय त्यांचाच असावा. कारण जागा उघड होताच तीवर डोळा असणारेही जागे होतात.

स्मृती सांगणारी पिढी झपाट्याने कमी होत आहे. जुना कागद आणखी काही वर्षांनीही वाचता येईल. मयताची वाट पायांनी दाखविणारा माणूस तोवर राहीलच असे नाही. म्हणून कामाचा क्रम ठरविताना स्मृतीचे संकलन प्रथम, दफ्तराची तपासणी त्यानंतर आणि अधिकार अभिलेखातील नोंद अखेरीस, पण अपरिहार्यपणे, असा आग्रह धरावा लागेल. ही अखेरची नोंद झाली नाही, तर संशोधन ग्रंथालयात राहील आणि दफनभूमीवर नांगर फिरेल.