अपग्रेड झालं, पण ॲप कुठं गेलं?

रविवारची रात्र. वाळूज एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्याची केबिन. कोपऱ्यातल्या सर्व्हरवर हजेरी, चलन, स्टॉक असं सगळं एकाच जावा वेब ॲपवर चालतं. नुकताच नोकरीला लागलेला पोरगा उबुंटू २२.०४ चं २४.०४ करतो. अपग्रेड बिनबोभाट पार पडतं. मशीन रीस्टार्ट होतं. ब्राउझर उघडतो तर काय, ४०४! सकाळी पहिली शिफ्ट गेटवर उभी राहणार आणि हजेरीचं पानच गायब.

प्रसंग कल्पनेतला आहे, पण बिघाड अगदी खरा आहे.

नाव बदललं, घोळ झाला

जावा ॲप चालवणारा सर्व्हर म्हणजे टॉमकॅट. उबुंटू २२.०४ सोबत टॉमकॅट ९ मिळायचा. २४.०४ मध्ये त्याचं सर्व्हर पॅकेज नाही, तिथं टॉमकॅट १० आहे. आकडा एकानंच वाढला, पण मधे एक नामांतर झालंय.

नामांतराचा घोळ आपल्याला कुणी शिकवायला नको. २०२३ मध्ये शहराचं नाव अधिकृतपणे बदललं. शहर तेच, गल्ल्या त्याच. पण ऑनलाइन फॉर्म भरताना कुठल्या यादीत 'औ'खाली शोधायचं आणि कुठल्या 'छ'खाली, हे बघावं लागतं. माणूस दोन्हीकडे शोधतो. कॉम्प्युटर शोधत नाही!

तिकडेही तसंच झालं. ओरॅकलनं एंटरप्राइज जावा एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवलं, पण ट्रेडमार्कमुळे 'जावाएक्स' हे नाव पुढे वापरता येईना. म्हणून २०२० मध्ये ते 'जकार्ता' झालं. टॉमकॅट १० ला फक्त नवं नाव कळतं. जुनं ॲप 'जावाएक्स' म्हणून हाक मारतं, ओ द्यायला कुणीच नाही.

त्यात फोल्डरही बदलतं. तुमचं ॲप टॉमकॅट ९ च्या फोल्डरात पडून राहतं आणि नवा सर्व्हर टॉमकॅट १० च्या फोल्डरात बघतो. पोर्ट, मेमरी, डेटाबेसची सेटिंग्ज आपोआप तिकडे जात नाहीत. उबुंटूची डीफॉल्ट जावासुद्धा ११ वरून थेट २१ वर गेलेली असते.

मग अपग्रेडच नको?

असं म्हणून चालत नाही. उबुंटूच्या एलटीएस आवृत्तीला नेहमीचे सुरक्षा अपडेट ५ वर्षं मिळतात. २२.०४ ची मुदत २०२७ मध्ये संपते. त्यानंतर सापडलेली भोकं तशीच उघडी राहतात. अपग्रेड करायचंच, पण आधी रंगीत तालीम करून.

हे करा

• सर्व्हरची हुबेहूब कॉपी व्हर्च्युअल मशीनमध्ये उभी करा. पहिला अपग्रेड तिथं.
• बॅकअप घ्या आणि तो परत चढवून बघा. न तपासलेला बॅकअप म्हणजे नुसता भरवसा.
• टॉमकॅट, जावा, डेटाबेस यांच्या आजच्या आवृत्त्या वहीत लिहून ठेवा.
• सोर्स कोड हाताशी असेल तर नावं बदलून ॲप पुन्हा बिल्ड करा. नसेल तर टॉमकॅट १० मध्ये 'वेबॲप्स-जावाईई' नावाचं फोल्डर करून त्यात जुनी वॉर फाइल टाका. तो स्वतःच नावं बदलून घेतो. प्रत्येक ॲपला हे जमेलच असं नाही, म्हणून प्रत्येक पान उघडून तपासा.
• घाई असेल तर अपाचेच्या साइटवरून टॉमकॅट ९ घेऊन वेगळा बसवता येतो. मात्र त्याचे अपडेट मग तुमच्या डोक्यावर, उबुंटू ते करणार नाही.
• काही अडलं तर आधी लॉग वाचा. 'जावाएक्स सर्व्हलेट सापडत नाही' अशी ओळ दिसली की दुखणं कळलं.

घरी जुना लॅपटॉप पडलाय? त्यावर २२.०४ आणि टॉमकॅट ९ टाका, एखादं छोटं ॲप चढवा आणि बिनधास्त अपग्रेड करा. मोडलं तर कुणाचा पगार अडणार नाही. दुरुस्त केलंत तर मुलाखतीत 'लिनक्स येतं का?' या प्रश्नावर सांगायला तुमच्याकडे स्वतःचा किस्सा असेल.