कोरड्या देशातल्या ओल्या गच्च्या

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातल्या अल्बुकर्की शहरात वर्षाकाठी सव्वादोनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्या माणदेशात याच्या दुप्पट पडतो आणि तरी आपण त्याला दुष्काळी म्हणतो. अशा शहरात दुकानांची, गोदामांची, कचेऱ्यांची छपरं गळण्याचा प्रश्न पडावाच कशाला? पण तो पडतो. छप्पर गळू लागतं ते जुलै-ऑगस्टात आणि बिघडलेलं असतं जानेवारीत. या लेखाचा विषय म्हणजे हे सहा महिन्यांचं अंतर. गळतीचं बिल कोणी भरायचं हे पुष्कळदा त्या अंतरावरच ठरतं.

मी स्थापत्याचा पदवीधर नाही. मराठवाडा आणि सोलापूरकडच्या माळवदांच्या नोंदी गोळा करता करता मी न्यू मेक्सिकोपर्यंत पोचलो, कारण तिथली जुनी घरं म्हणजे थेट आपली धाब्याची घरं. भिंती कच्च्या विटांच्या. त्यावर आडव्या तुळया, त्यांना तिथे ‘व्हिगा’ म्हणतात. तुळयांवर बारक्या काठ्यांची दाट रांग, ती ‘लाटिया’; आपल्याकडे तिला किलचण म्हणतात. त्यावर गवत किंवा पाला आणि मग वीतभर किंवा त्याहून जाड मातीचा थर. भिंतीच्या वर कठडा आणि कठड्यातून बाहेर काढलेली लाकडी पन्हळ. स्पॅनिश परंपरेतलं तिचं नाव ‘कनाले’. दोन समाजांची कधी गाठ पडलेली नाही, पण कमी पाऊस, लांब लाकडाची टंचाई आणि भरपूर माती या तीन गोष्टींतून दोघांच्या हाती एकच छप्पर आलं.

हे छप्पर चालत होतं, कारण ते दरवर्षी दुरुस्त होत होतं. चिकणमाती ओली झाली की फुगते आणि बारीक भेगा आपोआप बुजतात. आत शिरलेला ओलावा कोरड्या हवेत वरून आणि खालून, दोन्हीकडून उडून जातो. बर्फ पडलं की घरातली माणसं फावडी घेऊन वर चढत आणि ते खाली लोटून देत. म्हणजे त्या छपराचा निम्मा भाग माणसांची मेहनत हाच होता. १८८० मध्ये रेल्वे आली, पत्रा स्वस्त झाला आणि उत्तरेकडच्या डोंगराळ खेड्यांतल्या लोकांनी पुष्कळ ठिकाणी मातीच्या सपाट छपरावर सरळ उतरता पत्रा चढवला. माझ्या मते हा शहाणपणाचा निर्णय होता. गंमत पुढेच आहे. १९५७ मध्ये सांता फे शहराने आपल्या जुन्या भागासाठी नियम केला, की इमारती पारंपरिक शैलीतल्याच दिसल्या पाहिजेत. त्यामुळे दुकानं, हॉटेलं, बँका अशा सगळ्या इमारतींना मातीच्या घराचा सपाट माथा आणि कठडा आला. आकार मातीचा राहिला, साहित्य मात्र पार बदललं.

आजच्या व्यावसायिक इमारतीचं छप्पर साधारण असं असतं: खाली पन्हाळी पोलादी पत्रा, त्यावर उष्णतारोधक फोमच्या पाट्या आणि सगळ्यात वर पाणी अडवणारा पापुद्रा. हा पापुद्रा कधी डांबरात भिजवलेल्या जाजमाचे तीन-चार थर असतो, कधी रबराची किंवा प्लास्टिकची सलग चादर, तर कधी जागेवर फवारून फुगवलेला फोम आणि त्यावर रंगासारखं लेपण. ‘सपाट’ म्हटलं तरी उतार लागतोच. नव्या बांधकामासाठी तिथला नियम फुटाला पाव इंच म्हणजे दोन टक्के उताराचा आहे. आपल्याकडे गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा घालताना मिस्त्री ज्याला ‘ढाळ’ म्हणतो, तोच हा. जुन्या इमारतींत तो पुरेसा नसतो, किंवा पाट्या दबून तो नाहीसा झालेला असतो.

आता थंडीकडे. अल्बुकर्की समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटर उंचीवर आहे, सांता फे २१०० मीटरवर. वाळवंट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर राजस्थानातला मे महिना येतो, पण इथे वर्षातल्या शंभराहून अधिक रात्री पारा शून्याखाली जातो. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, ज्या दिवशी पारा दिवसभर शून्याखालीच राहिला असे दिवस फार थोडे. रात्री गोठणं, दुपारी वितळणं, पुन्हा रात्री गोठणं असं चक्र आठवडेच्या आठवडे चालतं. मिनेसोटासारख्या कडाक्याच्या प्रदेशात पाणी एकदा गोठलं की बराच काळ तसंच राहतं. छपराला थंडी किती खोल आहे याची फारशी फिकीर नसते. पारा शून्याची रेघ किती वेळा ओलांडतो, हा त्याच्या दृष्टीने खरा हिशेब. या हिशेबात उंचावरचं वाळवंट पुष्कळ बर्फाळ शहरांवर मात करतं.

त्यात आणखी एक भर पडते. कोरड्या, निरभ्र रात्री छप्पर आपली उष्णता थेट आकाशाकडे फेकत राहतं. ढगांची आणि दमट हवेची गोधडी नसल्यामुळे छपराचा पृष्ठभाग आजूबाजूच्या हवेपेक्षा काही अंशांनी थंड होतो. हवामान खात्याच्या तक्त्यात किमान तापमान अधिक दोन लिहिलेलं असतं, तेव्हाही वर पाण्याची साय गोठलेली असू शकते. म्हणून केवळ हवेच्या नोंदींवरून चक्रं मोजली तर आकडा कमीच येणार.

पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं, हे शाळेत शिकवतात. एखाद्या सच्छिद्र पदार्थातली पोकळी दहांत नऊ भागांपेक्षा कमी भरलेली असेल, तर फुगायला जागा असते आणि तत्त्वतः काही बिघडू नये. प्रत्यक्षात बिघडतं. याचा एक धागा स्टीफन टेबर या अमेरिकी भूवैज्ञानिकाने १९२९-३० च्या सुमारास उलगडला. त्याने मातीत पाण्याऐवजी बेन्झिन भरून ती गोठवली. बेन्झिन गोठताना आकसतं, तरीही माती वर उचलली गेली. म्हणजे नुसतं फुगणं हे कारण पुरेसं नव्हतं. वाढत जाणारा स्फटिक आजूबाजूच्या बारीक पोकळ्यांतून द्रव आपल्याकडे ओढून घेतो आणि जाड होत जातो. पुढे १९४५ मध्ये टी. सी. पॉवर्स यांनी काँक्रीटच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मांडली: गोठणाऱ्या पाण्यापुढे ढकललं जाणारं न गोठलेलं पाणी अरुंद वाटांतून जाताना प्रचंड दाब निर्माण करतं. थंड देशांत काँक्रीटमध्ये मुद्दाम हवेचे सूक्ष्म बुडबुडे ठेवतात ते या पाण्याला जागा मिळावी म्हणून. कठड्याचा गिलावा आणि त्याच्या माथ्यावरचा थर तीन बाजूंनी थंडी खातो, त्यामुळे तिथे हे सगळं सर्वांत आधी दिसतं.

पापुद्र्याचं दुखणं थोडं वेगळं. डांबर उन्हाने म्हातारं होतं. दर हजार मीटर उंचीला अतिनील किरणं सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात आणि इथे ऊन वर्षभर असतं. काही वर्षांत डांबराचा वरचा थर वाळलेल्या तळ्यासारखा तडकतो. थंडीत ते आणखी कडक होतं आणि आकसतं. शेजारी कडेची धातूची पट्टी असते. तीन मीटरची ॲल्युमिनियमची पट्टी पन्नास अंशांच्या फरकात साडेतीन मिलिमीटर लहान-मोठी होते. पोलादी असेल तर त्याच्या निम्मी. डांबर, फोम, विटा यांचं आकसणं निराळं, त्यामुळे जिथे दोन जिन्नस भेटतात तिथे केसाएवढी फट पडते. दुपारी वितळलेलं पाणी तिच्यात उतरतं, रात्री गोठतं आणि फट किंचित रुंद करतं. दुसऱ्या दिवशी तिच्यात किंचित जास्त पाणी मावतं. घड्याळाच्या चावीसारखं हे चक्र एकाच दिशेने फिरतं, उलट कधीच नाही.

कोणत्या कोपऱ्यात हे जास्त होणार, ते कागदावर काढता येतं. अल्बुकर्की ३५ अक्षांशावर आहे, तेव्हा डिसेंबरच्या उत्तरार्धात माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून साडेएकतीस अंशच वर असतो. दक्षिणेकडचा कठडा ९० सेंटिमीटर उंच असेल, तर त्याची सावली माध्यान्हीही जवळजवळ दीड मीटर पडते. (पुण्यात ती ८० सेंटिमीटरच्या आसपास पडेल.) त्या दीड मीटरच्या पट्ट्यात बर्फ बाकीच्या गच्चीपेक्षा कितीतरी दिवस जास्त टिकतं. बाकीच्या गच्चीवरचं पाणी वितळून उताराने तिथे आलं, की ते तिथे पुन्हा गोठतं. कठड्यातली पन्हळ उत्तरेच्या भिंतीला काढलेली असेल, तर तिला ऊन लागतच नाही आणि तिच्या तोंडात बर्फाचा बूच बसतो. गच्चीच्या मध्यातून इमारतीच्या आत उतरणारा पाइप खोल्यांच्या उबेने सहसा मोकळा राहतो, मात्र इमारत रिकामी आणि गार असेल तर तोही गोठतो. तोंड बंद झालं की तळं साचतं: शंभर चौरस मीटरवर पाच सेंटिमीटर पाणी म्हणजे पाच टन. वाळवंटातला वारा धूळ आणि वाळलेली झुडपं आणून बुचाला मदत करतो, ते वेगळंच.

या कोरड्या छपरावर पाणी मुद्दाम चढवणारी आणखी एक वस्तू आहे आणि विदर्भातल्या वाचकांना ती ओळखायला वेळ लागणार नाही. तो म्हणजे कूलर. लाकडाच्या केसांतून पाणी झिरपवून गार वारा देणारा तोच डबा तिथे गच्चीवर बसवतात. कोरड्या हवेत त्याच्याइतकं स्वस्त यंत्र नाही. पण ऑक्टोबरात त्याची टाकी आणि वर गेलेली बारीक नळी रिकामी केली नाही, तर पहिल्याच कडक रात्री नळी फुटते. दुकानदार कूलर बंद करतो आणि विसरतो, कारण त्याला आता गरज हीटरची असते.

फेब्रुवारी २०११ मध्ये हा सगळा प्रकार एकदम घडला. अल्बुकर्कीत पारा उणे वीस अंशांच्याही खाली गेला. टेक्सासमध्ये वीज कमी पडली, गॅसच्या उत्पादनावर आणि वहनावर परिणाम झाला आणि न्यू मेक्सिकोत तीस हजारांच्या आसपास ग्राहकांचा गॅस ऐन थंडीत बंद झाला. टाओस, एस्पान्योला, बर्नालिओ या गावांत घरं आणि दुकानं दिवसेंदिवस गार राहिली. नळ फुटले ते लगेच दिसलं, त्याचे पंचनामे झाले. छपरांतल्या फटींचे पंचनामे कोण करणार? त्या कोणाला दिसल्याच नाहीत.

त्या दिसतात पावसाळ्यात. न्यू मेक्सिकोला स्वतःचा मान्सून आहे, तिथेही त्याला मान्सूनच म्हणतात. वर्षाचा जवळजवळ निम्मा पाऊस जुलै ते सप्टेंबरमध्ये, दुपारच्या वादळांतून, तासाभरात ओतल्यासारखा पडतो. जानेवारीत फटीतून गेलेलं थोडं पाणी फोमने शोषून घेतलेलं असतं. ते खाली टपकत नाही, पण फोमचा उष्णतारोध बिघडवतं. जुलैत मोठी सर येते, आधीच भिजलेला फोम आणखी पाणी घेऊ शकत नाही आणि छताला डाग पडतो. साहजिकच सगळे म्हणतात, पावसाने गळलं.

आणि इथे पैशाचा प्रश्न येतो. अमेरिकेत व्यावसायिक मालमत्तेच्या विम्याचा जो मसुदा सर्रास वापरला जातो, त्यानुसार पावसाने आतल्या सामानाचं नुकसान झालं तर भरपाई मिळण्यासाठी आधी छपराला विम्यात मोडणाऱ्या कारणाने इजा झालेली असावी लागते. झीज, जीर्णता ही कारणं वगळलेली असतात. इमारतीवरचं बर्फ वितळून आत पाणी आलं तर ते मात्र चालू शकतं. नळ गोठून फुटला तर मालकाने इमारत उबदार ठेवायचा मनापासून प्रयत्न केला होता का, किंवा नळ रिकामे केले होते का, हे पाहतात. म्हणजे एकाच फटीतून आलेलं पाणी फेब्रुवारीत ‘वितळलेलं बर्फ’ असतं आणि जुलैत ‘जुनं छप्पर’. शिवाय तिथे अनेक दुकानं अशा कराराने भाड्याने दिलेली असतात, की कर, विमा आणि देखभाल हे तिन्ही खर्च भाडेकरूच्या माथी. नऊ वर्षांपूर्वी घातलेल्या छपराचं बिल गेल्या वर्षी दुकान थाटलेल्या माणसाला येऊ शकतं.

यावर उपाय अवघड नाहीत, त्यांची वेळ तेवढी चुकते. पावसाळ्यात दुरुस्ती करणारा माणूस डागाच्या वर लेप लावून जातो. पण पाणी पन्हाळी पत्र्यावरून वाहत कुठल्या कुठे जातं, त्यामुळे डाग आणि फट एकमेकांपासून बरीच लांब असू शकतात. भिजलेल्या फोमवर नवा लेप चढवला तर पाणी आतच कोंडतं आणि पुढच्या हिवाळ्याला आयता दारूगोळा मिळतो. रांचोस दे टाओसच्या प्रसिद्ध मातीच्या चर्चच्या भिंतींना १९६७ मध्ये असाच सिमेंटचा गिलावा केला होता. आत ओल कोंडून माती कुजू लागली, तेव्हा बारा-एक वर्षांनी तो खरवडून काढावा लागला आणि गावाने पुन्हा दरवर्षी माती लिंपायला सुरुवात केली. पांढऱ्या लेपाबद्दलही थोडं सबुरीने घ्यावं असं मला वाटतं. उन्हाळ्यात तो विजेचं बिल वाचवतो हे खरं, पण हिवाळ्यात तेच छप्पर जास्त गार राहतं आणि सावलीतलं बर्फ जास्त टिकतं.

भिजलेला भाग शोधायची युक्ती सोपी आहे. दिवसभर ऊन खाल्लेला ओला फोम सूर्यास्तानंतर कोरड्यापेक्षा उशिरा निवतो. रात्री उष्णतेचं चित्र घेणाऱ्या कॅमेऱ्यातून तो उबदार डागासारखा उठून दिसतो. मग तिथे छोटा तुकडा कापून खात्री करायची, भिजलेल्या पाट्या काढायच्या आणि कोरड्या घालून वरून बंद करायचं. हे पावसाआधी, एप्रिल अखेर ते जूनच्या दरम्यान केलं पाहिजे. ऑक्टोबरात पन्हळी आणि नळतोंडं साफ करणं, कूलर रिकामा करणं, सावलीतल्या पन्हळीत गरज असेल तर विजेची तापतार टाकणं, ही दुसरी फेरी. दोन्ही वेळा तारखेसकट छायाचित्रं काढून ठेवावीत. दुकान भाड्याने घेताना करारावर सही करण्याआधीही एकदा जिना चढून वर जावं आणि दक्षिणेच्या कठड्याखालचा तो दीड मीटरचा पट्टा पाहून यावा.