संवादाची दरी दोन्ही बाजूंनी असते

परवा एक आई म्हणाली, "हा कुणाशी बोलतच नाही हो." तिचा ऑटिस्टिक मुलगा तेव्हा दुसऱ्या ऑटिस्टिक मुलाशी लोकलच्या वेळापत्रकावर रंगून बोलत होता!

स्पीच थेरपिस्ट म्हणून हे मी नेहमी पाहते. स्वतः ऑटिस्टिक असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी 2012 मध्ये मांडलं, की ऑटिस्टिक आणि इतर माणसांमधला गैरसमज दोन्हीकडून होतो.

2020 मध्ये एडिनबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी कानगोष्टींसारखा प्रयोग प्रसिद्ध केला. ऑटिस्टिक माणसांच्या साखळीत गोष्ट ऑटिस्टिक नसलेल्यांच्या साखळीइतकीच नीट पोचली.

म्हणून ऑटिस्टिक व्यक्तीशी बोलताना 'माझ्या डोळ्यांत बघ' हा हट्ट कृपया सोडा. काहींना नजर टाळली की ऐकणं सोपं जातं. एकच थेट प्रश्न विचारा आणि थांबा. लिहून, चित्र दाखवून आलेलं उत्तरही उत्तरच.

काही शंका असतील तर जरूर विचारा. ऑटिस्टिक वाचकांनी अनुभव लिहिले तर फार आवडेल.