विश्लेषण : बुडबुडे थांबले म्हणजे घरची बिअर बाटलीत भरण्यास तयार झाली का?

ब्रिटन, अमेरिकेसारख्या देशांत घरी बिअर बनवणे हा रुळलेला छंद आहे. माल्टचा अर्क, हॉप्स आणि यीस्टचे किट दुकानात सहज मिळते. कृतीही फारशी अवघड नसते. मात्र बिअर बाटलीत भरण्याची वेळ चुकली तर काचेची बाटली फुटून गंभीर इजा होऊ शकते. ही वेळ नेमकी ओळखायची कशी, याचा हा आढावा.

बाटली फुटते कशामुळे?

माल्ट पाण्यात शिजवून मिळणाऱ्या गोड द्रावणाला ‘वर्ट’ म्हणतात. वर्टमधील साखर खाऊन यीस्ट अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करते. साखरेच्या निम्म्याहून थोड्या कमी वजनाचा वायू बनतो. आंबवण्याच्या पिंपातून तो बाहेर निघून जातो. बाटलीला झाकण लागले की त्याला वाट उरत नाही.

बिअरला फेस यावा म्हणून बाटलीत भरताना मुद्दाम थोडी साखर घालतात, साधारण लिटरला सहा ते सात ग्रॅम. त्यातून तयार होणारा आणि बिअरमध्ये आधीच विरघळलेला वायू मिळून लिटरला सुमारे पाच ग्रॅम भरतो. खोलीच्या तापमानाला बाटलीतला दाब तेव्हा मोटारीच्या टायरमधील हवेइतका असतो. चांगली बिअरची बाटली तो सहज पेलते. पण मूळ साखर पुरती संपण्याआधीच झाकण लावले, तर तिचा वायू या हिशेबावर चढतो आणि दाब दुपटीच्याही वर जाऊ शकतो. अशा बाटल्यांना हौशी मंडळी ‘बाटलीबॉम्ब’ म्हणतात ते उगाच नव्हे.

बुडबुड्यांवर विश्वास का ठेवू नये?

पिंपाच्या झाकणावर ‘एअरलॉक’ ही पाणी भरलेली छोटी नळी असते. आतला वायू तिच्यातून बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो, बाहेरची हवा मात्र आत येत नाही. बुडबुडे थांबले की काम संपले, असा नवख्यांचा समज असतो. प्रत्यक्षात झाकण किंचित सैल असेल तर वायू तिथूनच निसटतो आणि एअरलॉक शांत दिसतो. रात्री गारठा वाढला तर यीस्ट मंदावते. उलट, काम संपल्यानंतरही खोली तापली की विरघळलेला वायू सुटतो आणि बुडबुडे पुन्हा दिसू लागतात. थोडक्यात, बुडबुडे वायूची हालचाल दाखवतात. साखर किती उरली, हे सांगत नाहीत. ‘दोन आठवडे झाले’ हा हिशेबही असाच अंदाजाचा. यीस्टचा प्रकार, तापमान आणि वर्टचा दाटपणा यांनुसार कालावधी बदलतो.

मग खात्रीचा मार्ग कोणता?

हायड्रोमीटर. दूध संकलन केंद्रावर दुधाची घनता तपासणारा लॅक्टोमीटर आपल्या परिचयाचा आहे. हायड्रोमीटर हा त्याचाच भाऊबंद. द्रव जितका दाट, तितकी ही काचेची नळी वर तरंगते. पाण्याची घनता १.००० धरली तर साध्या बिअरचा वर्ट सुरुवातीला १.०५० च्या आसपास असतो. साखर संपत जाते तसा आकडा घसरतो आणि १.०१२ च्या आसपास स्थिरावतो. यीस्टला न पचणारी काही शर्करा उरत असल्याने तो सहसा १.००० पर्यंत जात नाही. सुरुवातीच्या आणि शेवटच्या आकड्यांतील फरकाला १३१ ने गुणले की अल्कोहोलचे प्रमाण कळते. इथे ते सुमारे पाच टक्के येते.

नियम सोपा आहे. आकडा अपेक्षित पातळीला आला की दोन-तीन दिवसांनी पुन्हा मोजायचा. दोन्ही वेळा तोच आला तरच बाटल्या भरायच्या.

आकड्यातला छोटा फरक किती महत्त्वाचा?

समजा, सातव्या दिवशी बुडबुडे थांबले आणि आकडा १.०१६ आला. दहाव्या दिवशी तो १.०१२ झाला आणि तेराव्या दिवशीही १.०१२ च राहिला. फरक फक्त ०.००४ चा. पण आकडा ०.००१ ने उतरतो तेव्हा लिटरमागे साधारण एक ग्रॅम वायू तयार होतो. सातव्या दिवशीच बाटल्या भरून नेहमीची साखर घातली असती, तर पाचाऐवजी नऊ ग्रॅम वायू कोंडला गेला असता.

मोजताना कोणती काळजी घ्यावी?

नमुना आधी हलवून त्यातील वायू घालवावा. बुडबुडे नळीला चिकटले तर ती वर उचलली जाते आणि आकडा फसवा येतो. नमुन्याचे तापमान उपकरणावर छापलेल्या तापमानाइतके, बहुधा २० अंश सेल्सिअस, असावे. तपासलेला नमुना पिंपात परत ओतू नये, त्यातून जंतुसंसर्ग होऊ शकतो. तो चाखून पाहावा. लोण्यासारखा वास आला तर आकडा स्थिर असूनही आणखी काही दिवस थांबावे. हा वास डायअॅसिटिलचा असतो आणि यीस्टच तो हळूहळू नाहीसा करते.

आकडा स्थिर, पण जास्तच असेल तर?

१.०२० वर आकडा अडकला तर बिअर तयार झाली असे समजू नये. बऱ्याचदा यीस्ट थंडीने सुस्तावलेले असते. पिंप थोड्या उबदार जागी ठेवून, तळाचे यीस्ट हलकेच ढवळून पुन्हा मोजावे. अशी बिअर तशीच बाटलीत भरली, तर उन्हाळ्यात यीस्ट जागे होते आणि संकट उभे राहते.

चूक झालीच तर काय?

एक-दोन बाटल्या प्लास्टिकच्या भराव्यात. त्या दगडासारख्या कडक झाल्या, तर काचेच्या बाटल्यांतही दाब वाढला आहे असे समजावे. अशा वेळी जाड हातमोजे आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा घालूनच बाटल्यांना हात लावावा. त्या फ्रिजमध्ये ठेवाव्यात. थंडीने दाब उतरतो, यीस्टही मंदावते. पूर्ण गार झाल्यावर झाकण हळूहळू सैल करावे. तडा गेलेल्या किंवा पातळ काचेच्या बाटल्या तर मुळातच वापरू नयेत.

कायदा काय सांगतो?

ब्रिटनने १९६३ मध्ये घरगुती बिअरसाठीची परवान्याची अट काढून टाकली. अमेरिकेत जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये स्वाक्षरी केलेल्या कायद्याने घरच्यापुरत्या बिअरला केंद्रीय करातून सूट मिळाली. तरीही अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांनी परवानगी देईपर्यंत २०१३ उजाडले. विक्रीला मात्र ही मुभा नाही. आपल्याकडे महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्यनिर्मिती हा गुन्हा असून, घरातली बिअरही त्यातून सुटत नाही. त्यामुळे परदेशात हा छंद जोपासणाऱ्यांनी तिथला कायदा पाहावा आणि झाकण लावण्याआधी हायड्रोमीटरचा आकडा दोनदा पाहावा.